सुई लागू पडली

१६ ऑगस्ट १९९३, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण उघड आहे, आजपासून ट्रीटमेंट सुरू. सहा महिन्यांनी खडखडीत बरा झाल्यावर मागं वळून बघायला रेकॉर्ड पाहिजे. मी क्वालिटीचा माणूस. रेकॉर्डशिवाय माझ्या टेबलावरून जॉब पुढं सरकत नाही.

आजार: हिपॅटायटिस सी. म्हणजे कावीळच, पण आतल्या आत चालणारी. डोळे पिवळे न करता लिव्हर खाते. चौऱ्याऐंशी साली प्रेस शॉपमध्ये मांडी फाटली होती, तेव्हा रक्ताच्या बाटल्या चढवल्या. त्यातून आली असणार, असं डॉक्टर म्हणाले. कुणाचं रक्त होतं देव जाणे. इतकी वर्षं बया गपचूप बसून होती.

औषध: इंटरफेरॉन. सोमवार, बुधवार, शुक्रवार एकेक सुई, पोटाच्या कातडीखाली. डॉक्टरांनी विचारलं, सुई द्यायला घरी कुणी येईल का? मी म्हणालो, मीच घेईन. ते बघतच राहिले. त्यांना काय माहीत, आमचं धनगराचं घर. मिसरूड फुटायच्या आधीपासून कळपाच्या कळपाला सुया मारलेला हात आहे हा. मेंढराला तरी लोकर असते.

संकल्प: एकही रजा घ्यायची नाही. कंपनीत कुणाला कळू द्यायचं नाही. डॉक्टर सांगतील तेवढंच, सांगतील तसंच.

संध्याकाळी देवापुढं दिवा लागल्यावर पहिली सुई घेतली. हात हलला नाही. बायकोनं, कस्तुरानं, तोंड फिरवलं. तिला म्हणालो, एवढंच असतं.

१७ ऑगस्ट

एवढंच नसतं.

रात्री जेवण झालं आणि थंडी भरून आली. दोन गोधड्या, वर घोंगडी, त्यावर कस्तुरा पाय दाबून बसलेली, तरी खाट वाजत होती. मग ताप. मग घाम. सकाळी हाडं कुणीतरी काढून परत घाईघाईत बसवल्यासारखी वाटत होती.

ड्यूटीवर गेलो नाही. पण रजा टाकलेली नाही. सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाचा एक सी-ऑफ शिल्लक होता, तो वापरला. सी-ऑफ रजेत धरत नाहीत. संकल्प शाबूत.

२० ऑगस्ट, शुक्रवार

डॉक्टरांच्या सांगण्यावरून सुईच्या आधी क्रोसिन घेतो. थंडी थोडी कमी. तोंडाला लोखंडाची चव. भाकरी खाल्ली तरी कानस चघळल्यासारखं वाटतं.

कंपनीत मलेरिया म्हणून सांगितलं. फक्त सांडूला खरं सांगितलं. सांडू साळवे आणि मी एकाच दिवशी वाळूजच्या या कंपनीत लागलो, शेजारशेजारच्या मशिनवर. मी पुढं सुपरवायझर झालो, तो मशिनवरच राहिला, कारण त्याचं निम्मं लक्ष युनियनमध्ये आणि निम्मं नामांतरात. त्यानं विचारलं किती दिवस चालणार? म्हणालो सहा महिने. तो हसला. म्हणाला, मल्हारभाऊ, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागंल म्हणून आम्ही अठ्ठ्याहत्तरपासून थांबलोय, तुमचे सहा महिने म्हंजी चहा उकळस्तोवर. त्या साली त्याचं गावातलं घर जाळलं होतं. हे तो हसतच सांगतो. ऐकणाऱ्याला मात्र कुठं बघावं कळत नाही.

२९ ऑगस्ट

सोनाजीदादा आला. लासूर स्टेशनहून सकाळच्या गाडीनं, तुपाचा डबा घेऊन. माझा थोरला भाऊ. अजून मेंढरं राखतो.

आल्या आल्या त्यानं कपाळाला हात लावला नाही. माझे दोन्ही कान धरले. शेजारचे तांबेमास्तर व्हरांड्यातून बघत होते. गारखेड्यात सोळा वर्षं राहून कमावलेली इभ्रत गेली. पण दादाचा चेहरा खुलला. म्हणाला, मल्हाऱ्या, कान तापल्यात तुझं. लागू पडलं रं.

मला एकदम बापाची आठवण झाली. कळपाला देवीच्या रोगाची सुई मारली की बाप दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकेक मेंढरू धरून कान चाचपायचा. कान तापले म्हणजे सुई लागू पडली. ज्याचे कान गार, त्याला परत सुई. बापाच्या कळपात देवीनं एक मेंढरू नेलं नाही. शेजारच्या वाड्यांतली पटापट मेली.

म्हणजे इतके दिवस मी ज्याला त्रास म्हणत होतो तो त्रास नव्हताच. ती पावती होती. आणि मी मूर्खासारखी क्रोसिन घेऊन ती पुसत होतो.

क्रोसिन बंद. रात्री एवढी थंडी वाजली की दात वाजून जीभ चावली गेली. लई समाधान वाटलं.

८ सप्टेंबर, बुधवार

डॉक्टरांकडं पहिली तपासणी. लिव्हरची सूज सांगणारा एसजीपीटीचा आकडा उतरला आहे. डॉक्टर खूश. मी मनात म्हणालो, आम्हाला कानावरूनच कळलं होतं.

ते म्हणाले, ताप हळूहळू आपोआप बंद होईल, शरीराला सवय होते, घाबरू नका. मी मान हलवली. माणूस शिकलेला आहे, मुंबईला होता. पण त्यांनी मेंढरं कुठं पाहिलीत? वाद घातला नाही.

कस्तुरा बरोबर येते म्हणत होती. नेलं नाही. ती क्रोसिनचं सांगून टाकणार. डॉक्टरांचा वेळ जातो आणि बाहेर एवढे पेशंट बसलेले असतात. इतरांचाही विचार करावा लागतो.

१७ सप्टेंबर, शुक्रवार

मुक्तिसंग्राम दिन. कंपनीत झेंडा. संध्याकाळी सुई. जेवलो, बातम्या पाहिल्या, वाट पाहत बसलो. थंडी आली नाही.

२२ सप्टेंबर

कान गार.

दिवसभर हात कानाकडं जातो. आज इन्स्पेक्शन टेबलावर दोन्ही कान धरून उभा होतो. सांडू मशिनवरून ओरडला, कुणी शिक्षा केली भाऊ? सगळी लाइन हसली. मीही हसलो. मनात मात्र एकच चाललं होतं. औषध मेलं आहे.

२४ सप्टेंबर

औषध कसं मेलं त्याचा शोध लागला. फ्रिज. लाइट जाते, आणि कस्तुरा कोथिंबिरीची जुडी नेमकी इंजेक्शनच्या डब्याला टेकवून ठेवते. काल रात्री तिला बोललो. जास्तच बोललो. ती म्हणाली, डागदरनं सांगितलं व्हतं ना ताप जाईल म्हणून, मग गेला तर बरंच हाय की. मी म्हणालो, तुला काय कळतं? तिनं कोथिंबीर बाहेर काढली. सकाळी ती काळी पडलेली होती. भाजीत तीच घातली.

हल्ली राग पटकन येतो. कामाचं प्रेशर.

३० सप्टेंबर, गुरुवार

हे पान कसं लिहू?

काल विसर्जन. उशिरा झोपलो. पहाटे खाट हलायला लागली. चांगली गदगदा हलली, भांड्यांची मांडणी वाजली. मला वाटलं थंडी भरली. इतक्या दिवसांनी. एवढा आनंद झाला की मी कस्तुराला हलवून म्हणालो, बघ, लागू पडलं. आणि कूस बदलून शांत झोपलो.

सकाळी रेडिओ लावला. किल्लारी. भूकंप. लातूर-उस्मानाबादकडं गावंच्या गावं.

कंपनीत कुणाच्या हाताला काम लागेना. कपडे, धान्य गोळा करायला सुरुवात झाली. मी दोन घोंगड्या दिल्या. देताना रडायला लागलो ते थांबेना. सगळे म्हणाले, मल्हाररावांचं मन मोठं. मला मात्र पहाटेचा तो आनंद सारखा आठवत होता. तो कुणाला सांगणार?

४ ऑक्टोबर, सोमवार

पूर्ण विचार करून निर्णय घेतला आहे. भावनेच्या भरात नाही.

मुद्दा साधा. ज्याचे कान गार, त्याला परत सुई. डॉक्टरांना सांगितलं तर ते पुस्तक काढतील. पुस्तक गोऱ्या लोकांसाठी लिहिलेलं. त्यांच्या अंगाला जे पुरतं ते भर उन्हात मेंढरांमागं वाढलेल्या अंगाला कसं पुरेल? स्टॉकिस्ट मुंबईहून तीन महिन्यांचा माल एकदम देतो, त्यामुळं अडचण नाही.

आज एकाऐवजी औषधाच्या दोन बाटल्या घेतल्या. एक डावीकडं, एक उजवीकडं.

आली. थंडी आली. कान लाल.

१३ ऑक्टोबर

प्रकृती उत्तम. थंडी नियमित.

किरकोळ नोंदी. केस गळतात. उशीवर एवढे असतात की कस्तुरा सकाळी उशी झटकते. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त. ब्रश नवा आहे, कडक आहे. नाकातून एकदा. ऊन.

कस्तुरानं फ्रिजमध्ये डोकावून विचारलं, डबं एवढ्या लवकर कसं काय संपायलेत? म्हणालो, डॉक्टरांनी डोस वाढवला. तिनं हात जोडले. म्हणाली, डागदर द्येवमाणूस हाय. एकदा मलाबी न्या, पाया पडते. म्हणालो, बघू.

२४ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटायला बाहेर पडलो. तांबेमास्तरांनी आपट्याचं पान हातावर ठेवलं आणि मला हुंदका आला. त्यांना वाटलं काहीतरी वाईट बातमी आहे. म्हणालो, डोळ्यात कचरा गेला. दोन्ही डोळ्यांत? त्यांनी विचारलं. मास्तर माणसाला प्रश्न विचारायची सवयच असते.

२७ ऑक्टोबर, बुधवार

आज जगू नये असं वाटलं.

कारण काही नाही. शिफ्ट सुटल्यावर स्कूटरवर बसलो आणि बसूनच राहिलो. किक मारायची ताकद होती, पण कशाला मारायची ते सुचेना. सगळी कंपनी रिकामी झाली. सांडू मागं वळून आला. मला मागं सरकवलं, स्कूटर सुरू केली आणि गारखेड्यापर्यंत आणून सोडलं. रस्त्यात एकदाच बोलला, भाऊ, कंबर धरा, पडताल.

दारात कस्तुरा उभी होती. तिच्या तोंडाकडं बघून वाटलं, हिला मोकळं करावं.

२८ ऑक्टोबर

कालचं पान फाडणार होतो. पण रेकॉर्डमधलं पान फाडायचं नसतं. म्हणून येथे नोंद करतो की, कालची एंट्री रद्द समजावी. झोप कमी झाली होती.

संकल्प: सकाळी फिरायला जायचं. हसतमुख राहायचं. उद्यापासून.

८ नोव्हेंबर, सोमवार

तपासणी. एकटाच गेलो.

लिव्हरचा रिपोर्ट इतका सुधारला आहे की डॉक्टरांनी दोनदा कागद बघितला. मग दुसरा कागद बघितला आणि चेहरा उतरला. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स एकदम खाली. विचारलं, सांगितला तेवढाच डोस घेताय ना? म्हणालो, अगदी तेवढाच. झोप लागते का? लागते. उदास वाटतं का, रडू येतं का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का? म्हणालो, छे, फर्स्ट क्लास. डॉक्टरांनी उत्तरं लिहून घेतली. चांगला माणूस आहे. काळजी करतो.

त्यांनी डोस अर्धा केला. एक महिना अर्धा घ्या, पेशी वर आल्या की परत पूर्ण करू, नाही आल्या तर थांबवावं लागेल.

स्कूटरवर विचार करत आलो. अर्धा. कशाचा अर्धा? सध्या मी दोन घेतो. दोनाचा अर्धा एक. म्हणजे आजपासून एकच बाटली घ्यायची. डॉक्टरांचा शब्द तंतोतंत पाळला जाईल.

कित्येक दिवसांनी मन हलकं झालं. नियमानं वागल्याचा एक आनंद असतो.

१३ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

किल्लारीमुळं फटाके कमी. सुगंधा, आमची मुलगी, सोयगावहून आली. मला बघून दारातच थबकली. मग आईला आत घेऊन गेली. बऱ्याच वेळानं दोघी बाहेर आल्या तेव्हा दोघींचे डोळे सुजलेले. आतून कांदे चिरल्याचा वास काही आला नाही.

कान गार आहेत. पण आता मी डॉक्टरांच्या शिस्तीत आहे, त्यामुळं ढवळाढवळ नाही.

७ डिसेंबर, मंगळवार

औषध बंद.

डॉक्टर म्हणाले, अर्ध्या डोसवरही पेशी वर येत नाहीत, म्हणजे तुमच्या शरीराला हे औषध झेपत नाही. पुढं दिलं तर कुठंही रक्तस्राव होईल. ते म्हणाले, लिव्हर एवढं छान ऐकत असताना थांबवावं लागतंय याचं मलाच वाईट वाटतं. यावर दुसरं औषध आज तरी नाही. मग पेन खाली ठेवून परत विचारलं, मल्हारराव, डोसमध्ये कुठं काही पुढं-मागं झालं नाही ना? झालं असेल तर सांगा. मग गोष्ट वेगळी. मग पेशी वर येईपर्यंत थांबून आपल्याला नीट पुन्हा सुरू करता येईल.

ही बोलायची वेळ होती. मला कळत होतं. मी तोंड उघडलं. आणि म्हणालो, नाही साहेब, क्वालिटीत आहे मी.

बाहेर आलो तर हातात स्कूटरची किल्ली होती आणि स्कूटर समोर उभी असून दिसत नव्हती.

७ डिसेंबर, संध्याकाळ

शांतपणे विचार केला. आज नाही बोललो ते बरंच झालं. डॉक्टर घाईत होते. पुढच्या आठवड्यात निवांत वेळ घेऊन जाईन, सविस्तर समजावून सांगेन. मेंढरांच्या कानांपासून सुरुवात करावी लागेल. अशी गोष्ट उभ्या उभ्या होत नाही.

कस्तुराला काय सांगायचं हा प्रश्न होता. ती दारातच म्हणाली, काय म्हनले डागदर? तिचा चेहरा बघितला आणि तोंडातून निघून गेलं, कोर्स संपला. सहा महिन्यांचं काम चार महिन्यांत झालं.

ती आधी देवघरात गेली.

८ डिसेंबर

कस्तुरानं ऑगस्टमध्ये खंडोबाला नवस बोलला होता, हे मला आज कळलं. मी बरा झालो की जागरण घालायचं. चंपाषष्ठी तोंडावर आहे. तिनं दादाला निरोप धाडला, सुगंधाला धाडला, वाघ्या-मुरळी सांगितले. मी म्हणालो, एवढी घाई कशाला? ती म्हणाली, द्येवाचं ठिवून घ्यायचं नाय वो. त्यानं आपलं ठिवलं नाय.

अडचण झाली. आता डॉक्टरांकडं जाऊन औषध परत सुरू केलं तर जागरण कशाचं? जागरण झालं की लगेच जायचं. नक्की.

२० डिसेंबर

काल जागरण झालं. लासूरकडची आमची सगळी भावकी, सांडू बायकोला घेऊन, तांबेमास्तरसुद्धा. भरीत-रोडग्याचा नैवेद्य. सगळ्यांनी माझ्या कपाळाला भंडारा लावला. एवढा लावला की सांडू म्हणाला, भाऊ, आता खरी कावीळ झाल्यावानी दिसायले. सगळे पोट धरून हसले. कस्तुरासुद्धा हसली. तिला एवढं हसताना मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

आज सकाळी लंगर. खंडोबाची लोखंडी साखळी एका हिसक्यात तोडायची असते. दादा म्हणाला, मरणाच्या दारातून आलाय, मान मल्हाऱ्याचाच. मी साखळी धरली. एक हिसका दिला. दुसरा दिला. येळकोट येळकोट चालू होतं आणि माझ्या हातात काही नव्हतं. कडी ताणलीसुद्धा गेली नाही. लोकांचा आवाज कमी व्हायला लागला तेव्हा दादानं मागून दोन्ही हात माझ्या हातांवर ठेवले आणि साखळी तुटली. लोक म्हणाले, दोघा भावांनी तोडली, जोडी अशी पाहिजे.

जाताना दादानं परत कान धरून बघितले. मग जरा वेळ नुसताच हात खांद्यावर ठेवून उभा राहिला. गाडीची वेळ झाली होती तरी.

३ जानेवारी १९९४

नव्या वर्षाचा संकल्प: या आठवड्यात डॉक्टर.

पाय सुजतात. संध्याकाळी मोज्याचा ठसा रुततो. सेफ्टी शूजचा नवीन लॉट खराब आला आहे. पर्चेसला रिमार्क पाठवला. शर्टची पोटावरची बटणं ताणतात. याचा अर्थ वजन वाढतंय. आजारी माणसाचं वजन वाढत नसतं.

१० जानेवारी

गावात वातावरण तंग. चौकाचौकांत पोलीस. नामांतराची घोषणा होणार म्हणतात. अशा वेळी डॉक्टरांकडं, उस्मानपुऱ्यापर्यंत स्कूटर काढणं शहाणपणाचं नाही. वाळूजला मात्र गेलो. ड्यूटी ती ड्यूटी.

१४ जानेवारी, शुक्रवार, संक्रांत

झालं. विद्यापीठाला नाव लागलं. नामांतर नाही, नामविस्तार. मराठवाडाही राहिलं आणि बाबासाहेबांचं नावही आलं.

संध्याकाळी सांडू पेढे घेऊन आला. कस्तुरानं त्याला तिळगूळ दिला. तो पेढा हातात धरून बसला आणि बोलता बोलता घळाघळा रडायला लागला. जळालेल्या घराचं हसत सांगणारा माणूस. म्हणाला, बाप असता तर. मग डोळे पुसून माझी चेष्टा केली, सरकारनंबी डोस कमी करूनच दिला बघा भाऊ. पण दिला. थांबलो म्हणून भेटला.

त्याला वाटतं मीसुद्धा थांबलो, म्हणून मला भेटलं. तो मला पेढा भरवत होता. त्या क्षणी सगळं सांगावंसं वाटलं. पण त्याचा आजचा दिवस होता. आपली रडगाणी घालून तो कशाला खराब करायचा?

२० जानेवारी

आता वातावरण निवळलं आहे. पण महिनाअखेर जवळ आली. डिस्पॅचची घाई.

२७ जानेवारी, गुरुवार

काल प्रजासत्ताक दिनाला झेंड्यापुढं उभा असताना डोळ्यांपुढं अंधारी आली. सांडूनं धरलं. आज सकाळी गपचूप डॉक्टरांकडं गेलो.

सगळं सांगितलं. क्रोसिन, कान, दोन बाटल्या, दोनाचा अर्धा एक. मेंढरांपासून सुरुवात करायची ठरवली होती, पण सुरुवात शेवटापासूनच झाली. डॉक्टर ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

टेबलावर झोपवलं, पोटावर बोटं वाजवली, सोनोग्राफी केली. पोटात पाणी झालं आहे. लिव्हर आकसलंय. म्हणाले, औषध तुम्हाला झेपत होतं, मल्हारराव. एक बाटली तुम्हाला नीट झेपत होती. डिसेंबरात बोलला असतात तर मी काही दिवस थांबून परत तेवढीच सुरू केली असती. आता या लिव्हरवर ती सुई देता येत नाही. दिली तर तीच नेईल.

विचारलं, मग आता? म्हणाले, मीठ बंद करा, पाणी काढायच्या गोळ्या देतो, महिन्याला दाखवा. कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, तुमच्याबरोबर घरून कुणी येत नाही का?

म्हणालो, येणाऱ्याला मी आणत नाही.

२८ जानेवारी

कस्तुराला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची करपली तरी तिनं उलटली नाही.

मला वाटलं होतं ती रडेल. जागरण खोटं पडलं म्हणून देवाला बोलेल, मला बोलेल. तिनं गॅस बंद केला, हाताचं पीठ परातीत झाडलं आणि माझ्यासमोर येऊन बसली. मग म्हणाली, मला एकदा तरी न्यायचं ना वो संगं. डागदरनं इचारलं असतं तर मी बोलले असते की, दोन दोन बाटल्या घेतात म्हणून. पयल्याच डावाला बोलले असते.

बोलली असती. म्हणून तर नेलं नव्हतं.